शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आमच्या वाचकांपैकीं ज्याच्या कानावरून गेली नाहीं असा एकही नसेल. चुलीवर भात शिजत असतांना घरांतील माउली पळीनें एक शीत काढते, तें बोटांनीं चेपून पाहते, आणि तेवढ्यावरून सबंध भांड्याचा निकाल करते. तिचा निकाल बहुधा खरा ठरतो. परंतु तो कां खरा ठरतो याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. शीत काढण्यापूर्वीं तिनें भात तळापासून खालवर केलेला असतो, हें त्याचें कारण होय. तसें न करतां वरचेंच शीत घेतलें, तर तळचा भात करपला असला तरी त्याची वार्ता तिला लागावयाची नाहीं; आणि वरच्या एका शिताऐवजीं वरचींच पन्नास शितें घेतलीं, तरीही ती लागावयाची नाहीं.

या शेवटल्या गोष्टींत एका मोठ्या शास्त्राचें बीज आहे, आणि तेंच आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें थोडें उकलून मांडावें असा आमचा हेतु आहे. एकाद्या समूहांतील सर्व व्यक्ति वा वस्तु न तपासतां थोड्या तपासून सर्वांविषयीं अनुमान बांधणें, याला नमुना-पाहणी म्हणतात. जिल्ह्यांत ज्वारी किती पिकली, गांवोगांवच्या कुटुंबांचा खर्च किती, किती मुलांचें वजन वयाच्या मानानें कमी आहे, या प्रश्नांचीं उत्तरें सरकारला व विद्वानांना याच मार्गानें मिळतात. कारण घर न् घर आणि शेत न् शेत तपासावयाचें म्हटल्यास तितका पैसा नाहीं, तितकीं माणसें नाहींत, आणि उत्तर हातीं येईपर्यंत पुढचा हंगाम उजाडावयाचा. आमच्या देशांत १९५० सालीं राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. दारिद्र्याची व बेकारीची मोजदाद तिच्या आंकड्यांवरून होत आली आहे. तेव्हां हा विषय केवळ गणिताच्या हौशी लोकांचा नव्हे. कोणाच्या घरीं मदत पोंचणार आणि कोणाच्या घरीं नाहीं, हें पुष्कळदां त्यावर ठरतें.

नमुन्यावरून बांधलेल्या अंदाजांत दोन जातींची चूक शिरते. पहिली दैवाधीन चूक. चिठ्ठ्या टाकून ४०० माणसें निवडलीं आणि त्यांना ‘होय’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच उत्तर लागणारा प्रश्न विचारला, तर निघालेली शेंकडेवारी खऱ्या शेंकडेवारीच्या थोडी इकडेतिकडे पडावयाची. परंतु गणित असें सांगतें कीं, शंभरांतील सुमारें पंचाण्णव वेळां हें अंतर ५ टक्क्यांच्या आंत राहील. तेंच अंतर अडीच टक्क्यांवर आणावयाचें, तर ८०० माणसें पुरत नाहींत, १,६०० लागतात. कारण नमुना चौपट केला म्हणजे चूक निम्मी होते. येथें एक नवल सांगण्यासारखें आहे. समूह एक लाखाचा असो कीं एक कोटीचा असो, ४०० च्या नमुन्याची चूक जवळजवळ तेवढीच राहते. भांडें मोठें म्हणून शितें अधिक घ्यावीं लागत नाहींत. भात नीट ढवळलेला असला म्हणजे झालें.

दुसरी चूक निराळ्या स्वभावाची आहे. ती इकडेतिकडे पडत नाहीं. नेहमीं एकाच बाजूस झुकते. संख्याशास्त्रज्ञ तिला अभिनति म्हणतात. बाजारांतला शब्द वापरावयाचा तर तो तराजूचा पासंग होय. पासंग असलेल्या तराजूंत तीच वस्तु हजार वेळां जोखली आणि हजार वजनांची सरासरी काढली, तरी पासंग जसाचा तसाच राहतो. किंबहुना, हजार वेळां जोखल्यामुळें दुकानदाराला आणि गिऱ्हाइकाला उगाच खात्री वाटूं लागते, आणि ती अधिक घातक. मोठा नमुना हें दैवाधीन चुकीवरचें औषध आहे, पासंगावरचें नव्हे. पासंग काढावयाचा तो निवडण्याच्या, मोजण्याच्या आणि हिशेब करण्याच्या रीतींतूनच काढला पाहिजे.

याचें जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंत घडलें. १९३६ सालच्या तेथील अध्यक्षीय निवडणुकीपूर्वीं ‘लिटररी डायजेस्ट’ नांवाच्या साप्ताहिकानें सुमारें एक कोटि लोकांस नमुना-मतपत्रिका टपालानें पाठविल्या. त्यांपैकीं २३ लाखांहून अधिक भरून परत आल्या. एवढ्या प्रचंड राशीवरून साप्ताहिकानें भाकीत केलें कीं, लँडन यांस सुमारें ५७ टक्के आणि रूझवेल्ट यांस ४३ टक्के मतें पडतील. प्रत्यक्षांत रूझवेल्ट यांस सुमारें ६१ टक्के मतें पडलीं, आणि लँडन यांच्या वाट्यास ४८ राज्यांपैकीं अवघीं दोन आलीं. त्याच वेळीं जॉर्ज गॅलप यांनीं त्याहून कितीतरी लहान नमुन्यावरून रूझवेल्ट यांचा विजय आधींच सांगितला होता. साप्ताहिकानें पत्ते घेतले होते ते मुख्यत्वें टेलिफोनच्या आणि मोटारगाड्यांच्या याद्यांतून. आणि मंदीच्या त्या दिवसांत ज्यांच्या घरीं टेलिफोन वा मोटार होती, तो वर्ग रूझवेल्ट यांच्या धोरणावर एकंदरींत प्रसन्न नव्हता. शिवाय चारांतील तिघांनीं पत्रिका परतच पाठविली नाहीं. आणि ज्यांनीं कष्ट घेऊन पाठविली, त्यांत लँडन यांच्या बाजूच्या लोकांचा भरणा अधिक होता. म्हणजे यादीचा एक पासंग आणि उत्तराचा दुसरा, आणि दोन्ही एकाच पारड्यांत. १९३८ सालीं तें साप्ताहिक बंद पडलें.

गॅलप यांनाही पुढें १९४८ सालीं ठेंच लागली. ट्रूमन निवडून आले आणि त्यांचें भाकीत ड्यूई यांच्या बाजूचें ठरलें. त्यांच्या माणसांना अमक्या वयाचे इतके, तमक्या वर्गाचे इतके, असा वांटा ठरवून दिलेला असे. परंतु त्या वांट्याच्या आंत कोणाला गांठावयाचें हें ज्याच्या त्याच्या मर्जीवर असे. अपयशाचीं कारणें एकाहून अधिक होतीं. हें त्यांपैकीं एक होय.

मर्जीवर सोडलें म्हणजे काय होतें, हें पाहण्यास अमेरिकेस जावयास नको. शाळेच्या आवारांतून लहानमोठे दोनशें दगड गोळा करून टेबलावर पसरावे, आणि वर्गांतील प्रत्येक मुलानें सर्वांचें प्रतिनिधित्व करतील असे दहा दगड आपल्या नजरेनें निवडून त्यांचें सरासरी वजन काढावें. मग सर्व दगड तोलून खरी सरासरी काढावी. बहुतेक मुलांचा अंदाज जड निघेल. इंग्लंडांत रॉथमस्टेड येथील संख्याशास्त्रज्ञ फ्रँक येट्स यांनीं असाच एक प्रयोग वर्णिला आहे, आणि त्यांतही मोठमोठ्या माणसांच्या हातून हेंच झालें. लहान खडे नजरेंत भरत नाहींत. हात मोठ्याकडे जातो. निवडणारा लबाड असतो असें नव्हे. तो प्रामाणिक असतो, आणि तरीही पासंग राहतो. म्हणूनच प्रामाणिकपणाचा उपदेश येथें कामास येत नाहीं, रीत बदलावी लागते.

ती रीत म्हणजे यदृच्छा निवड. या शब्दाचा अर्थ ‘वाटेल तसें’ असा पुष्कळांचा समज असतो. पण तो बरोबर उलटा आहे. ज्याला आपण ‘सहज उचलला’ म्हणतों, तो सहज उचललेला नसतोच. यदृच्छा निवडींत प्रत्येक व्यक्तीस वा शेतास अनुक्रमांक देऊन, चिठ्ठ्यांनीं वा अंकांच्या कोष्टकावरून नंबर काढतात, आणि ज्याचा निघेल तोच घेतात. निवडणाऱ्याच्या आवडीनिवडीला जागाच ठेवीत नाहींत. १९२७ सालीं टिपेट यांनीं खानेसुमारीच्या अहवालांतून उचललेल्या ४१,६०० अंकांचें एक कोष्टक छापलें. तशा कोष्टकांवर पुष्कळ वर्षें काम चाललें. आतां तेंच काम संगणक करतो. मुख्य अट एवढीच कीं, समूहांतील प्रत्येकाला निवडलें जाण्याची कांहींतरी संधि असली पाहिजे, आणि ती किती हें आधीं ठाऊक असलें पाहिजे. टेलिफोन नसलेल्या मनुष्याला ‘डायजेस्ट’च्या यादींत ती शून्याच्या जवळ होती.

आतां शेताकडे वळूं. कारण आमच्या पुष्कळ घरांचा चरितार्थ शेतावर आहे, आणि भारतीयांनीं या शास्त्रांत जी मोलाची भर घातली तीही बहुतांशीं शेतांतच.

पूर्वीं पीक किती आलें हें ठरविण्याची रीत आणेवारीची होती. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे असें धरून, गांवकामगार व महसूल खात्याचे अधिकारी उभें पीक डोळ्यांनीं पाहून दहा आणे, सहा आणे असा अंदाज करीत. आणे गेल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली, आणि पन्नास पैशांहून कमी पीक म्हणजे टंचाई, हा हिशेब दीर्घकाळ चालला. त्या एका आंकड्यावर शेतसारा तहकूब होणें न होणें अवलंबून असे. मग सारा घेणाऱ्याच्या नजरेस पीक अधिक दिसे आणि देणाऱ्याच्या नजरेस कमी दिसे, यांत नवल तें काय? परंतु ज्यांचा यांत स्वार्थ नव्हता त्यांचेही डोळे चुकत. चांगल्या वर्षीं अंदाज आखडता आणि वाईट वर्षीं सढळ, असा नजर-अंदाजाचा कल अनुभवास आलेला आहे. म्हणजे ज्या वर्षीं खऱ्या आंकड्याची गरज सर्वांत अधिक, त्याच वर्षीं डोळे खोटा धीर देतात.

डोळ्यांच्या जागीं तराजू आणण्याचा पद्धतशीर यत्न १९२० नंतरच्या वर्षांत बिहार व ओरिसा प्रांतांत हबक नांवाच्या सनदी अधिकाऱ्यानें केला. भातशेतांत यदृच्छेनें जागा ठरवून, तेथें सुमारें एक एकराचा ३,२०० वा भाग मावेल अशी त्रिकोणी चौकट ठेवावयाची आणि आंतील पीक कापून तोलावयाचें, अशी त्याची रीत होती. पुढें कलकत्त्यास १९३१ सालीं भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन करणारे प्रशांतचंद्र महालनोबीस यांनीं १९३७ पासून बंगालमध्यें तागाच्या पिकाच्या मोठ्या नमुना-पाहण्या केल्या. आमच्या वऱ्हाडांतही, अकोला जिल्ह्यांत, १९४२ च्या सुमारास विनायक गोविंद पानसे यांनीं कापसाच्या पिकावर ही पीक-कापणीची पद्धत लावून पाहिली. पानसे यांच्याबरोबर ज्यांचें नांव नेहमीं घेतलें जातें ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यांतील बुध गांवचे. १९११ सालीं त्यांचा जन्म झाला. पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत शिकून ते लंडनला गेले, तेथें नेमन व फिशर यांच्या सहवासांत त्यांनीं संख्याशास्त्राचा अभ्यास केला, आणि परत येऊन भारतीय कृषि-संशोधन परिषदेंत पिकांच्या पाहणीचें काम हातीं घेतलें.

या मंडळींत एक वाद झाला, आणि तो आम्ही मुद्दाम विस्तारानें सांगतों. कारण पासंग कोठें लपून बसतो हें त्यावरून जितकें स्पष्ट कळतें तितकें दुसऱ्या कशावरूनही कळत नाहीं. प्रश्न साधाच होता: शेतांत कापावयाचा तुकडा केवढा असावा? लहान तुकडा लवकर कापून होतो, खर्च थोडा येतो, आणि तेवढ्याच पैशांत अधिक शेतें पाहतां येतात. दैवाधीन चूक कमी करावयाची तर हें उत्तमच. महालनोबीस यांचा कल लहान तुकड्याकडे होता. सुखात्मे यांनीं गव्हाच्या शेतांत निरनिराळ्या आकाराचे तुकडे कापून तुलना केली, तेव्हां असें आढळलें कीं, तुकडा जितका लहान तितकें पीक अधिक दिसतें. १९४६ सालीं ‘नेचर’ या विलायती नियतकालिकांत त्यांनीं ही गोष्ट प्रसिद्ध केली.

असें कां व्हावें? तुकड्याच्या कडेवर उभीं असलेलीं रोपें पाहावीं. निम्मीं आंत, निम्मीं बाहेर; तीं घ्यावयाचीं कीं सोडावयाचीं? कापणाऱ्याचा विळा त्यांना बहुधा आंत ओढतो. समजा, तो चोहोंकडून अवघें दोन इंच अधिक कापतो. दोन फूट त्रिज्येचें वर्तुळ असेल, तर त्रिज्या २४ इंचांची २६ इंच झाली. २४ चा वर्ग ५७६ आणि २६ चा वर्ग ६७६. म्हणजे क्षेत्र, आणि त्याबरोबर पीक, शेंकडा १७ नीं फुगलें. आतां ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद असा एक एकराचा ऐंशीवा भाग घ्या. ३९६ इंचांचे ४०० झाले आणि १९८ चे २०२. गुणाकार ७८,४०८ चा ८०,८०० झाला. फुगवटा शेंकडा ३. चूक तीच, हात तोच, विळाही तोच. परंतु लहान तुकड्याला क्षेत्राच्या मानानें कड फार, म्हणून त्याचा पासंग मोठा. एकरीं १० क्विंटल पीक असतां मोठा तुकडा १०.३ सांगेल आणि लहान वर्तुळ ११.७ सांगेल, आणि तशीं हजार वर्तुळें कापलीं तरी तीं सर्व मिळून ११.७ च सांगतील. आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं एक फूट त्रिज्येच्या वर्तुळाचें हें गणित स्वतः करून पाहावें.

या वादांत एकच पक्ष शहाणा होता असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. मोजणाऱ्यांचा पासंग उघडकीस आणण्याची एक सुंदर युक्ति महालनोबीस यांचीच आहे. एकाच प्रदेशांतून दोन स्वतंत्र नमुने काढावयाचे आणि ते दोन निरनिराळ्या तुकड्यांच्या हवालीं करावयाचे. दोघांच्या उत्तरांत दैवाधीन चुकीहून अधिक फरक पडला, तर कोणाच्या तरी मोजण्यांत दोष आहे हें तात्काळ कळतें. अर्थात् दोघांचाही विळा सारखाच बाहेर जात असला, तर ही युक्ति मुकी राहते. तेथें सुखात्म्यांचा मोठा तुकडाच हवा.

तुकड्याची जागा शेतांत कशी ठरवितात, तेंही सांगण्यासारखें आहे. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यावर उभें राहून लांबी व रुंदी पावलांनीं मोजतात; त्यांतून तुकड्याची लांबी-रुंदी वजा करून जें उरेल त्याच्या आंतले दोन यदृच्छ अंक काढतात, आणि तितकीं पावलें लांबीच्या व रुंदीच्या दिशेनें जाऊन खुंटी ठोकतात. मग दोरी ताणून आंतलें पीक कापावयाचें, मळावयाचें, उफणावयाचें, तोलावयाचें, आणि दाणा ओला असल्यास वाळवून पुन्हा तोलावयाचें. खुंटी नापीक पडलेल्या जागीं आली, तर मन म्हणतें, चार पावलें सरकावी. तीं चार पावलें सरकलीं कीं सगळें शास्त्र संपलें. तसेंच, निवडलेलें शेत ओढ्यापलीकडे आहे, वाट चिखलाची आहे, म्हणून सडकेच्या कडेचें शेत कापलें, तरी कागदावर कांहींच फरक दिसत नाहीं. फरक दिसतो तो नंतर. २०१६ सालीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत नुकसानभरपाईचा हिशेब मुख्यत्वें अशाच पीक-कापणी प्रयोगांवर बसविलेला होता. सडकेजवळच्या पाण्याच्या शेताचा उतारा सबंध मंडळाच्या नांवावर पडला, तर ओढ्यापलीकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याचें नुकसान कागदावर उरतच नाहीं.

जमीन सगळी सारखी नसते, ही अडचण मात्र निराळ्या रीतीनें सोडवितात. समजा, एका तालुक्यांत ज्वारीचीं सारख्या क्षेत्राचीं १,००० शेतें आहेत; ९०० जिरायत, १०० बागायत. जिरायतींत एकरीं ४ क्विंटल पिकतें, बागायतींत १०. दोन्ही प्रकारांतलीं पांच पांच शेतें चिठ्ठीनें काढलीं आणि दहांची सरळ सरासरी घेतली, तर उत्तर ७ येतें. तें चुकीचें आहे. परंतु चूक पांच पांच शेतें निवडण्यांत नाहीं; हिशेबांत आहे. प्रत्येक थराची सरासरी निराळी काढून तिला त्या थराच्या संख्येचें वजन दिलें, म्हणजे ९०० गुणिलें ४ आणि १०० गुणिलें १० यांची बेरीज करून १,००० नीं भागिलें, कीं खरें उत्तर ४.६ मिळतें. याला स्तरित नमुना म्हणतात. कोणत्या थरांतून किती घ्यावे, याचा नियम नेमन यांनीं १९३४ सालीं लंडनच्या संख्याशास्त्र सभेपुढें वाचलेल्या निबंधांत दिला: थर जितका मोठा आणि आंत जितका विषम, तितके त्यांतून अधिक घ्यावे. त्याच निबंधांत त्यांनीं इटलीचें एक उदाहरण घेतलें होतें. तेथील दोघां विद्वानांनीं खानेसुमारीचे कागद जपून ठेवण्यासाठीं २१४ विभागांपैकीं २९ विभाग असे विचारपूर्वक निवडले कीं, कांहीं ठराविक बाबतींत त्यांची सरासरी देशाच्या सरासरीशीं तंतोतंत जुळावी. त्या बाबी जुळल्या. इतर बाबतींत मात्र त्या २९ विभागांचा देशाशीं मेळ बसेना. विचारपूर्वक निवडीनें चिठ्ठ्यांपुढें हात टेकले, असें त्याचें वर्णन करण्यास हरकत नाहीं. सुखात्मे यांनीं १९३५ सालीं लंडनमध्यें नेमन यांच्या याच नियमाचा पुढला विचार केला होता.

हिशेबाच्या पासंगाचें एक गमतीचें उदाहरण आमच्या शाळेंतच करून पाहतां येईल. गांवांतील कुटुंबांत सरासरी किती मुलें आहेत हें जाणण्यासाठीं वर्गांतील प्रत्येक विद्यार्थ्यास ‘तुम्ही भावंडें किती?’ असें विचारून सरासरी काढली, तर ती नेहमीं फुगलेली येईल. दोनच घरें आहेत असें धरा. एकांत एक मूल, दुसऱ्यांत पांच. घरामागें सरासरी ३. परंतु सहा मुलांना विचारलें, तर एक म्हणेल ‘एक’ आणि पांच म्हणतील ‘पांच’. बेरीज २६, सरासरी ४.३ हून अधिक. मोठ्या घराला उत्तर देण्याची संधि पांच वेळां मिळाली, हा त्याचा दोष. उपाय असा कीं, ज्याच्या घराला पांचपट संधि होती त्याच्या उत्तराला एक पंचमांश वजन द्यावें. मग पांच मुलांचीं पांच उत्तरें मिळून एकाच घराचें एक उत्तर होतें, आणि सरासरी पुन्हा ३ येते. ज्या घरांत शाळेंत जाणारें एकही मूल नाहीं तें घर मात्र या रीतीनें हातीं लागत नाहीं. वजनें यादींतल्यांना मिळतात, यादीबाहेरच्यांना नाहीं. संधीच्या उलट प्रमाणांत वजन देण्याचा हा नियम हॉर्विट्झ व थॉम्सन या दोघांनीं १९५२ सालीं सर्वसाधारण स्वरूपांत मांडला.

राहतां राहिलें उत्तर न देणाऱ्यांचें प्रकरण, ज्यानें ‘डायजेस्ट’ला बुडविण्यास हातभार लावला. येथें पालकांस एक कल्पित उदाहरण देतों. एका शाळेनें ६०० पालकांस पत्र पाठवून घरीं वर्तमानपत्र येतें कीं नाहीं असें विचारलें. २४० जणांनीं उत्तरें दिलीं, आणि त्यांपैकीं शेंकडा ७५ जणांकडे येतें. तेवढ्यावर थांबलें तर शाळेला मोठें समाधान वाटेल. परंतु ज्याच्या घरीं वाचणें-लिहिणें चालतें तोच पत्राला उत्तर देतो, हें कोणासही कळण्यासारखें आहे. म्हणून उरलेल्या ३६० पैकीं ६० चिठ्ठीनें काढून त्यांच्या घरीं स्वतः गेलें असतां शेंकडा २० घरींच वर्तमानपत्र आढळलें, असें समजा. आतां २४० चे शेंकडा ७५ म्हणजे १८०, आणि ३६० चे शेंकडा २० म्हणजे ७२, मिळून २५२. म्हणजे ६०० पैकीं खरा अंदाज शेंकडा ४२. ही युक्ति अमेरिकेच्या खानेसुमारी खात्यांतील हॅन्सेन व हर्विट्झ यांनीं १९४६ सालीं सांगितली. सर्व ३६० घरीं जाण्याची गरज नसते. परंतु जीं ६० घरें चिठ्ठींत निघालीं त्यांचा पाठपुरावा दार उघडेपर्यंत केला पाहिजे. कुलूप दिसलें म्हणून शेजारचें घर घेतलें, तर जीं माणसें दिवसभर कामावर असतात तींच नेमकीं गळतात.

यावर कोणी म्हणेल, एवढी उठाठेव करण्यापेक्षां सगळ्यांनाच मोजावें. सगळ्यांना मोजण्याचा प्रयोग आमच्या देशांत खानेसुमारीच्या रूपानें होतो, आणि तिचा पासंग तपासण्यासाठींही शेवटीं नमुनाच लागतो. १९५१ पासून प्रत्येक जनगणनेच्या मागोमाग, यदृच्छेनें काढलेल्या थोड्या भागांत दुसऱ्यांदा काळजीपूर्वक मोजणी करून दोन्ही याद्या माणसागणिक ताडून पाहण्याची प्रथा आहे. २००१ सालच्या जनगणनेनंतर अशी तपासणी झाली, तेव्हां हजारीं सुमारें २३ माणसें मोजावयाचीं राहून गेलीं असें दिसून आलें. आणि शहरांत हें प्रमाण खेड्यांहून बरेंच अधिक होतें.